तुझं कुपनचं मशीन परत ने

चि. तोशिकी यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. दारातल्या हायड्रेंजियाला यंदा निळी फुलं भरभरून आली आहेत, समुद्रावर दिवसभर धुकं असतं, आणि या दमट हवेत तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. (पत्राची सुरुवात ऋतूने करावी असं ओगिसोबाईंनी आपल्याला शाळेत शिकवलं होतं, म्हणून एक वाक्य ऋतूवर खर्च केलं. खरा ऋतू विचारशील तर चटयांना बुरशी आली आहे आणि माझे केस वर उभे राहिले आहेत.) आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या दाजींची कंबर अधूनमधून बोलते, पण ते स्वतः काही बोलत नसल्याने घरात कुणीतरी बोलतंय याचंच बरं वाटतं. आई चौऱ्याऐंशीची आहे आणि तब्येत छान आहे असं ती सांगते. सूनबाईंना आशीर्वाद. तुला बढती मिळाल्याचं तुझ्या कंपनीच्या मासिकातून कळलं. अभिनंदन. घरच्यांना कळवायची ही पद्धत मला आवडली; शेजाऱ्यांना आणि आम्हाला एकाच दिवशी कळतं, कुणाचा अपमान होत नाही.

पत्रास कारण की, तू एप्रिलमध्ये प्रेमाने पाठवलेलं कुपनचं मशीन कृपा करून वीस तारखेच्या आत परत घेऊन जावं. वीस तारखेला तुझ्या कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन आपल्या खाणावळीत येणार आहेत, 'आदर्श दुकान' म्हणून आपली फिल्म काढणार आहेत, आणि मला मशीनपुढे उभं राहून चार कौतुकाचे शब्द बोलायचे आहेत. मी प्रयत्न केला. आरशापुढे उभी राहून सराव केला. चारपैकी एकही शब्द कॅमेऱ्यापुढे बोलण्यासारखा निघाला नाही. शिवाय ते शब्द ऐकायला दुकानात गिऱ्हाईक उरेल की नाही हीच शंका आहे. पहाटे पाचला दार उघडलं की मासळीच्या लिलावावरची माणसं आत शिरायची, सातपर्यंत बसायला जागा नसायची. आता त्यातली निम्मी बंदरासमोरच्या दुकानातून भाताचे गोळे घेऊन धक्क्यावर उभ्याने खातात आणि मी दिसले की पाठ फिरवतात. रागाने नाही, लाजेने. बाबांनी चाळीस वर्षं चालवलेली खाणावळ दोन महिन्यांत लाजेने बंद पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुला जुनं मशीन आठवतंय का? आठवत असेल, कारण शाळेतून आल्यावर तू त्याच्यावर चढून बसायचास. सार्वजनिक स्नानगृह बंद पडलं तेव्हा बाबांनी तिथून ते उचलून आणलं. अठरा बटणं. प्रत्येकाखाली बाबांच्या अक्षरात पदार्थाचं नाव. पैसे टाका, बटण दाबा, खट् असा आवाज, खाली कुपन. डावीकडचं सगळ्यात वरचं बटण म्हणजे भाजलेला बांगडा, भात, मिसो सूप आणि मुळ्याचं लोणचं. कुठल्याही अनोळखी खाणावळीत गेलं आणि काही सुचलं नाही तर डावीकडचं वरचं बटण दाबावं, पोटाचं भलंच होतं, हे या देशात कुणालाही शिकवावं लागत नाही. बिअरचं बटण अडकायचं, त्याला एक बुक्की मारावी लागायची, तेही सगळ्या बंदराला ठाऊक होतं. आणि आपले सेगावासान, स्क्विडच्या होडीवर आयुष्य काढलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ते तर मशीनकडे बघायचेच नाहीत. तिघांच्या खांद्यावरून गप्पा मारत हात पुढे करायचे, बोटाने चाचपत दुसरी ओळ तिसरं बटण, झाल्या गरम नूडल्स. या मशीनबद्दल तू गेल्या वर्षी लिहिलं होतंस की ते 'जुनाट आणि वापरणाऱ्याला गोंधळात टाकणारं' आहे. तुझा अभ्यास मोठा. आम्हाला चाळीस वर्षं गोंधळ झालाय हे कळलंच नाही.

तुझं नवं मशीन मात्र दिसायला देखणं आहे, त्यात वाद नाही. माणसाएवढं उंच, पांढरं शुभ्र, पडद्यावर ॲप्रन घातलेली मुलगी कमरेत वाकून नमस्कार करते. (दाजी पहिल्या दिवशी तिला उलट वाकले. दुसऱ्या दिवशीही.) सोबत तू लिहिलेली पुस्तिकाही मिळाली, 'सोपेपणाची तत्त्वे', बत्तीस पानं, गुळगुळीत कागद. दाजींनी ती दोनदा वाचली. तीस वर्षांत त्यांना सकाळी सहा ते आठ या वेळात वाचायला सवड मिळाली नव्हती, ती तुझ्या मशीनने मिळवून दिली.

पहिला दिवस सांगते. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर तू म्हणतोस की नुसत्या स्पर्शाने, जोर न लावता, सगळं व्हावं. उत्तम. फक्त तू हे कुठल्या माणसांसाठी लिहिलंस ते कळेना. आपल्याकडे येणाऱ्या माणसाच्या हातात कोपरापर्यंत रबरी हातमोजे असतात, आणि ते काढले तर आतला हात ओला, थंड आणि माशाच्या खवल्यांनी भरलेला असतो. तुझ्या पडद्याला असला हात कळत नाही. लिलावावरच्या कोइदेसाननी हातमोज्याने दाबून पाहिलं, हात पुसून दाबून पाहिलं, कोपराने पाहिलं, आणि शेवटी चिडून पुढे वाकले ते नाक लागलं. तोशिकी, नाकाला चालतं! तुझ्या मशीनला नाक उत्तम कळतं. कोइदेसान म्हणाले, "नोबुएसान, तुमच्या भावाने हे बहुतेक कुत्र्यांसाठी बनवलंय, चुकून आपल्याकडे आलं." पण नाक पडद्याला टेकवल्यावर पडद्यावरचं काही वाचता येत नाही, ही एक अडचण त्यात राहून गेली आहे. (तशीही ती अक्षरं वाचता येत नाहीतच. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं कुणाची कल्पना? धुक्यात होडी शोधायची आम्हाला सवय आहे, धुक्यात बांगडा शोधायची नाही.) कोइदेसानना नाकाच्या कृपेने स्क्विडच्या तीन थाळ्या मिळाल्या. त्यांनी तिन्ही खाल्ल्या.

हे 'खाल्ल्या' फार महत्त्वाचं आहे, ते तुझ्या पुस्तिकेत कुठेच नाही. तू लिहितोस, वापरणारा चुकला तर चूक त्याची नसते, रचनेची असते. फार थोर विचार. मी तो मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला. पण आपल्या माणसांना तो पटेल तर शपथ. इथे चुकीचं काही आलं की माणूस आधी मशीनची माफी मागतो, मग माझी, मग मागे उभ्या असलेल्यांची, आणि जे आलंय ते गपचूप खाऊन जातो. बदलून मागायचं म्हणजे आपण चुकलो हे दहा जणांपुढे कबूल करायचं, आणि वर दाजींना पुन्हा स्वयंपाक करायला लावायचा. सेगावासानचं ऐक. त्यांच्या बोटांना गुळगुळीत काचेवर काहीच सापडेना. कुठेतरी कसंतरी दाबत गेले आणि त्यांच्यापुढे आली लहान मुलांची थाळी: भाताचा छोटा डोंगर, वर कागदी झेंडा, शेजारी ऑम्लेट आणि प्लास्टिकची खेळण्यातली गाडी. मी धावत गेले, म्हटलं, "सेगावासान, हे तुमचं नाही, मी बदलून आणते." तर दोन्ही हातांनी थाळी धरून बसले. म्हणाले, "नाही नाही, मला हेच हवं होतं." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस! दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच थाळी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कारण त्यांना त्या मशीनमधून अन्नापर्यंत पोहोचणारी एक वाट सापडली होती आणि ते ती सोडायला तयार नव्हते. त्यांच्या घराच्या खिडकीत आता नऊ छोट्या गाड्या ओळीने उभ्या आहेत. दहावी झाली नाही, कारण ते यायचे बंद झाले.

मग पोर्तुगीज भाषेचा मंगळवार. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तू सहा देशांचे झेंडे लावले आहेस, भाषा निवडायला. आपल्या बंदरात परदेशी पाहुणा शेवटचा आला होता तो वादळात भरकटलेल्या मालवाहू जहाजाचा कप्तान, त्याला वीस वर्षं झाली, पण असू दे, पाहुण्याची सोय हवीच. प्रश्न असा की पडद्यावर वाकून करडी अक्षरं वाचायची तर माणूस डावा हात टेकवतो, आणि अंगठा बरोबर झेंड्यावर पडतो. मंगळवारी सकाळी पावणेसहाला कुणाचा तरी अंगठा पडला आणि मशीन पोर्तुगीज बोलायला लागलं. ते पुन्हा आपल्या भाषेत आलंच नाही. साडेआठपर्यंत, तोशिकी, एकोणतीस माणसांनी पोर्तुगीजमध्ये नाश्ता मागवला आणि एकानेही मला हाक मारली नाही! प्रत्येकाला वाटलं की बिघाड आपल्यात आहे. किराणावाल्या हामानोबाई तर तडक बस पकडून शेजारच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर चांगली आहे. त्या म्हणाल्या, "मग डोक्याचे डॉक्टर कुठे बसतात?" त्यांना मी नंतर झेंड्याचं सांगितलं तेव्हा त्या इतक्या सुटका झाल्यासारख्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आलं नाही. आपण वेडे होत चाललोय या भीतीत त्या बाईंनी अख्खी दुपार काढली होती, ती तुझ्या सहा झेंड्यांपायी.

पण सगळ्यावर कडी झाली ती गोल रांगेची. तू मशीनला वेळेची मर्यादा घातली आहेस. तीस सेकंद काही दाबलं नाही तर ती ॲप्रनवाली मुलगी विचारते, 'आपण अजून आहात का?' (हा प्रश्न सत्तरीच्या पुढच्या माणसाला सकाळी सकाळी विचारू नये.) आणि उत्तर दिलं नाही की आतापर्यंत निवडलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. आता आपला माणूस काय करतो? पहिल्या फेरीत अडकला की त्याला मागची रांग पाठीत टोचायला लागते. दुसऱ्या फेरीत तो कानापर्यंत लाल होतो. तिसऱ्या फेरीला तो मागे वळून म्हणतो, "माझ्यामुळे खोळंबा नको, आपण आधी घ्या," आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. त्याच्या मागचाही तेच करतो. त्या शुक्रवारी बारा माणसं होती. मी मागच्या अंगणात मासे उतरवून घेत होते, दाजी आत सूप ढवळत गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. त्यांना वाटलं आज कुणी आलंच नाही. पाऊण तासाने मी पुढे येऊन बघते तर बारा माणसं एकमेकांना वाकून वाकून पुढे पाठवत दुकानात गोल फिरत आहेत, कुणाच्याच हातात कुपन नाही, आणि मंदिराच्या उत्सवातल्या नाचापेक्षा जास्त शिस्त आहे. सगळ्यात पुढे होते ते पोस्टमास्तर सुगायासान. ते म्हणाले, "माझी ही तिसरी फेरी, भूक मात्र छान लागली." त्या दिवशी मी सगळ्यांना फुकट सूप पाजलं. सोमवारी बारातले पाच परत आले.

एकोणिसाव्या पानावर तू एक वाक्य लिहिलं आहेस, त्याखाली मी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत: 'वापरणाऱ्यांच्या शेजारी बसावं आणि ते कसे वापरतात ते पाहावं.' सुंदर. तू कुणाच्या शेजारी बसला होतास? मशीन बसवायला तू आला नाहीस. दोन तंत्रज्ञ आले, स्वच्छ कोरड्या हातांचे, त्यांनी कोरड्या बोटांनी कोरडा पडदा दाबून पाहिला, आईने केलेला चहा घेतला आणि तासाभरात गेले. आई दोघांना विचारत होती की तोशिकी तुमच्याबरोबर जेवतो का. त्यांनी सांगितलं, साहेब वेगळ्या मजल्यावर बसतात. आपण ज्या बंदरात जन्मलो तिथल्या माणसांचे हात ओले असतात, हे कळायला कुठली पुस्तिका लागते रे? तू स्वतः पंधरा वर्षांचा होईपर्यंत ओल्या हातांनी अभ्यास करायचास, तुझ्या वह्यांना वास यायचा.

तर मे महिन्याच्या मध्यावर आईने स्वतःच मार्ग काढला. एक दिवस तिने स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून आणलं, मशीनला लागून ठेवलं आणि बसली. तेव्हापासून गिऱ्हाईक मशीनशी बोलत नाही, आईशी बोलतं. "काय रे, बांगडा ना?" "हो आजी." "भात कमी घे, काल म्हणत होतास ना पोट जड झालं." "बरं आजी." आणि आई तिच्या कोरड्या, सुरकुतलेल्या बोटाने टक टक टक करते आणि कुपन देते. तिला सगळा रस्ता पाठ आहे. कोइदेसानना युरिक ॲसिडचा त्रास आहे म्हणून ती त्यांना बिअर देतच नाही, त्यांनी बिअर म्हटलं की आई म्हणते, "मशीन नाही म्हणतंय." ही सोय जुन्या मशीनमध्ये नव्हती हे मी मान्य करते. तुझ्या कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं की या मशीनमुळे एका माणसाची बचत होते. बरोबर आहे. पूर्वी आपल्याकडे कुपनांसाठी शून्य माणसं लागायची, आता एक लागतं, ते चौऱ्याऐंशी वर्षांचं आहे आणि पहाटे चारला उठतं. दाजी, जे महिन्यातून एकदा बोलतात, ते या महिन्याचं बोलले: "माणूस वाचवणार होतं ना? मग आधी आईंना वाचवा म्हणावं."

आता तू म्हणशील, ताई, तुझी कुरकुर नेहमीचीच, पण आकडे काय सांगतात? सांगतात ना. कुपन मिळालं की पडद्यावर तीन चेहरे येतात, हसरा, मधला आणि रडका, आणि खाली वाक्य: 'आपला अनुभव कसा होता? आपलं प्रत्येक उत्तर आम्ही मनापासून वाचतो.' तू आनंदाने कळवलंस की देशभरातल्या दोनशे दुकानांत आपली खाणावळ पहिली आली, हसऱ्या चेहऱ्यांचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्के, म्हणून तर कॅमेरा येतोय. अरे बाबा, समोर एक मुलगी कमरेत वाकून उभी आहे आणि ती तुम्ही काहीतरी दाबेपर्यंत सरळ होत नाही! या देशात कुठला माणूस तिला तशी वाकलेली ठेवून रडका चेहरा दाबेल? सेगावासानना विचारलंस तर त्या लहान मुलांच्या थाळीबद्दलही ते म्हणतील की फारच समाधान झालं. तुमच्या दोनशे दुकानांत दोनशे सेगावासान असतील, सगळे समाधानी, सगळे यायचे बंद झालेले.

गेल्या रविवारी मी आणि दाजींनी कोठीतून जुनं मशीन बाहेर काढलं. पुसलं. तार जोडली. खट् झालं! बुक्की मारल्यावर बिअरचंही खट् झालं. नवं मशीन बाजूला सरकवायला दाजींनी हात लावला मात्र, आई स्टुलावरून उठली आणि दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "हे माझ्या लेकाने केलंय. याला कुणी हात लावायचा नाही." मी तिला गिऱ्हाइकांची संख्या सांगितली, धक्क्यावर भाताचे गोळे खाणारे दाखवले, सेगावासानचं नाव घेतलं. ती म्हणाली, "मी आहे ना, मी दाबते सगळ्यांचं." तिच्यापुढे माझं काही चालत नाही हे तुला माहीत आहे. दाजी तर घरजावई, ते तिच्यापुढे श्वासही विचारून घेतात. म्हणून तुला लिहिते. तू स्वतः सांग की कंपनीला मशीन परत हवं आहे, दुरुस्तीला, संग्रहालयात ठेवायला, काय वाटेल ते सांग. तुझं ती ऐकेल. वीस तारखेच्या आत माणसं पाठव. कॅमेऱ्याऐवजी हमाल पाठव.

बाकी सर्व क्षेम. थंड सूप जास्त पिऊ नकोस, लहानपणापासून तुझं पोट नाजूक आहे. पुस्तिकेचं दुसरं पुष्प लिहीत असशील तर त्याची एक प्रत अवश्य पाठव, दाजींना आता वाचनाची गोडी लागली आहे.

तुझी थोरली बहीण,
नोबुए

ता. क. सोबत वाळवलेल्या स्क्विडचं पाकीट पाठवते आहे. कुठून फाडायचं तिथे मी लाल बाण काढून 'इथून' असं लिहिलं आहे. अक्षरं काळी आणि मोठी आहेत. मी काही पुस्तिका लिहिलेली नाही, चूक झाली असेल तर कळव.

ता. क. २. पत्राचं पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहिणं भाग आहे, म्हणून वेगळा कागद लावला. दुपारच्या गर्दीनंतर मी आईला सांगून टाकलं की तोशिकीला मशीन घेऊन जायला लिहिलंय. वाटलं रागावेल. ती रागावली नाही. स्टुलावर बसूनच म्हणाली, "मग मी त्याला कळवायचं कसं?" मला कळेना. म्हटलं, काय कळवायचं? तिने पडद्याकडे बोट दाखवलं. तोशिकी, ते हसरे चेहरे गिऱ्हाइकांचे नाहीत. एकही नाही. मेपासून प्रत्येक कुपनानंतर आईच दाबते आहे. खाली लिहिलंय ना, प्रत्येक उत्तर आम्ही मनापासून वाचतो. मशीन तू केलंस, तेव्हा वाचणारा तूच, असं तिने धरलं. दिवसाला साठ-सत्तर वेळा ती तुला कळवत होती की मी बरी आहे, जेवले, झोप लागली. आणि तू त्याचा आलेख काढून साहेबांना दाखवलास. नऊ तारखेला तिचा गुडघा सुजला होता, मला सांगितलं नाही. त्या दिवशी तिने एकदाच, शेवटच्या कुपनाला, रडका चेहरा दाबला आणि संध्याकाळपर्यंत फोनजवळ बसून राहिली. मला वाटलं पाय मोकळे सोडून बसली आहे.

ता. क. ३. त्या रडक्या चेहऱ्याचं उत्तर आलं होतं. चार दिवसांनी, तुझ्या कार्यालयातून, छापील फॉर्म: 'आपल्या दुकानात एक असमाधानी उत्तर नोंदवलं गेलं आहे. कृपया कारणावर खूण करा: चव, स्वच्छता, आसनव्यवस्था, इतर.' मी तो रद्दीत टाकला होता. आईने तो काढून, चष्मा लावून, भरून ठेवला होता; आज मला दिला, म्हणाली तुझ्या पत्राबरोबर जाऊ दे. सोबत आहे. 'इतर' यासाठी तुम्ही दोन बोटांची जागा सोडली आहे, ती तिला पुरली नाही, म्हणून मागचं कोरं पान तिने भरलंय. मी वाचलेलं नाही. मशीन नेऊ नकोस. वर जे काही लिहिलं ते सगळं खोडलं असं समज. सेगावासानना मी उद्या घरी जाऊन घेऊन येते, आई दाबेल त्यांच्यासाठी. तू फक्त फोन कर. दुपारी दोननंतर ती मोकळी असते, आणि पहिल्या घंटेला उचलते.